जाऊ का, वकीलसाहेब?

पोळा, सर्वपित्री अमावास्या आणि दसरा, या तीन तिथी आपल्या साप्ताहिकाच्या वाचकांसाठी प्रथम नोंदवतो. जबाबदार व्यक्तीही तीनच: माझे शेजारी, त्यांचा अकोल्याचा मुलगा, आणि सारे समजत असून गप्प राहिलेले समोरचे शिंपीचाचा.

स्वतःच्या मताने एकही निर्णय न घेता साठी ओलांडलेला असा दुसरा गृहस्थ सबंध संग्रामपुरात कोणी दाखवून द्यावा. भाजीची वाडी शेजाऱ्यांची स्वतःची. पण यंदा वांगी लावावीत की मिरची, हे ते वाटेने जाणाऱ्याला थांबवून विचारीत. बैल घेताना "घेऊ का?" हा प्रश्न त्यांनी विकणाऱ्यालाही विचारला होता. दाढ दुखू लागली तेव्हा ती काढावी की राखावी, यावर ते बाजारभर मते घेत हिंडले. बहुमत होण्यापूर्वीच दाढ आपण होऊन पडली. "तिनं कोनाले इचारलं नाही," असे ते खेदाने म्हणाले.

मी मूळचा कोकणातला, वकिलीनिमित्त इकडे आलो आणि राहिलो. आमच्या घरी वडील दार लावून ठरवीत आणि बाहेर येऊन कळवीत. त्याच रीतीने मी इथल्या माझ्या अंगणातला कडुनिंब तोडला, तर या गृहस्थांनी काही दिवस माझ्याशी बोलणे टाकले. शेवटी कारण विचारता म्हणाले, "इचारलं असतं तर मी हावच म्हनलो असतो. पन इचाराले पाह्यजे ना, वकीलसाहेब." होकार ठरलेलाच असेल तर विचारायचे कशासाठी, याचे कलम मला आजही सापडलेले नाही.

पोळ्याच्या संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर बसून म्हणाले, "पोरगा कायमचं अकोल्याले बोलावून राह्यला. जाऊ का?" दुसऱ्याच्या घरगुती प्रश्नात मत देणे आमच्यात असभ्य. मी म्हणालो, "हा सर्वस्वी आपला अधिकार आहे." अमावास्येला तोच प्रश्न आणि तेच उत्तर. दसऱ्याला त्यांनी माझ्या हातावर आपट्याची पाने ठेवली, काहीही विचारले नाही, आणि ते मोटारीत बसले.

मोटार दिसेनाशी झाल्यावर शिंपीचाचा म्हणाले, "साहेब, ते इचाराले येतच नव्हते. तुमी 'नका जाऊ' म्हनसान, याची वाट पाहून राह्यले होते."

हे आधी का सांगितले नाही, असे मी संतापून विचारले.

"तुमी मले कुठं इचारलं?"

तेव्हापासून ओटा रिकामा आहे. गावाचे सर्व व्यवहार माझ्या मतावाचून सुरळीत चालतात.

माझी मागणी एकच. शेजाऱ्यांनी याच साप्ताहिकातून, सर्वांदेखत उत्तर द्यावे: तोडलेल्या जागी मी कडुनिंबाचे रोप लावू का? खड्डा खणलेला नाही. आधी विचारतो आहे.