बांधाखालची ओळ

अब्दुलला आपण ओळखत होतो, असं महिपतीला छातीठोकपणे म्हणता येणार नाही. महिपतीचं भाताचं खाचर आणि गावचं कबरस्तान यांच्यात एकच बांध. येताजाता हात वर करायचा, पावसापाण्याचं बोलायचं, एवढंच. अब्दुल कामशेतच्या भातगिरणीत हमाली करतो आणि मयत झाली की कबर खोदतो, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्यापलीकडचं महिपतीने कधी विचारलं नाही.

कबरस्तान पूर्वी नदीकाठी होतं. एका पुरात काठ ढासळला, तेव्हा टेकडीखालची ही पट्टी मिळाली. इथली पहिली कबर अब्दुलच्या वडलांनी खोदली. पण मावळातला पाऊस; खड्ड्याला पाझर फुटायचा. म्हणून अब्दुलने एक रीत घातली होती. खोदून झालं की गिरणीतलं सुकं भाताचं तूस तळाशी पसरायचं आणि थांबायचं. तूस भिजलं की जागा बदलायची. घरची माणसं कितीही रडली तरी त्याने कुणाला सूट दिली नव्हती.

त्या ऑगस्टमध्ये त्याची बायको कमरजहाँ वारली. लहानपणीच गेलेली त्यांची धाकटी मुलगी बांधाखालच्या ओळीत होती. "मला तिच्याशेजारी ठेवा," एवढंच कमरजहाँ सांगून गेली होती. दुपारच्या नमाजानंतर मयत येणार होती.

सकाळपासून जरा उघडीप होती. महिपती बांधावर उभा राहून बघत होता. अब्दुलने तूस टाकलं. बघता बघता ते काळं पडलं. त्याने ते उपसलं, कडेला चर मारला, पुन्हा टाकलं. पुन्हा भिजलं.

"चाचा, वर कोरडी जागा हाय," त्याचा पुतण्या हमदान म्हणाला. "तितं खोदू."

अब्दुल खड्ड्यातच उभा राहिला. "दुसऱ्या कुणाची असती तर मीपण हेच सांगितलं असतं."

त्याने मान वर केली. खाचराकडे बघितलं, महिपतीकडे नाही. खाचर तुडुंब होतं आणि बांध खेकड्यांनी पोखरलेला. पाणी कुठून येतंय ते दोघांनाही कळत होतं. अब्दुल तोंडाने मागणार नाही, हेही महिपतीला कळलं. तेवढ्यात मशिदीतून अजान झाली.

महिपतीने फावडं उचललं आणि ओढ्याच्या अंगाला बांधावर घाव घातला.

"आबा, येड लागलं का?" वरून त्याचा मुलगा कैलास ओरडला. "कालच खत टाकलंय! सगळं ओढ्याला जाईल!"

"जाऊ दे. फावडं घे नि हितं ये."

"आन् वर्षभर खायाचं काय?"

"ते मग भांड. आदी ये."

कैलास बडबडत उतरला. गढूळ पाणी ओढ्याकडे धावलं, कडेची रोपं मुळासकट गेली. खाली अब्दुल खड्ड्याच्या भिंतीला तळहात लावून उभा होता. पाझर बारीक झाला, मग थेंबांवर आला. त्याने उरलेलं तूस पसरलं. रस्त्याच्या वळणावर माणसं दिसू लागली. तूस पिवळंच राहिलं.

माती देऊन माणसं परतली. पुढच्याच आठवड्यात मोठी मुलगी अब्दुलला लोणावळ्याला घेऊन गेली आणि हिवाळ्यात तो तिथंच वारला. त्यामुळे माती दिली त्या संध्याकाळी ओढ्यावर फावडी धुताना तो आणि महिपती जे बोलले, तेच शेवटचं.

"बांध घालायला सकाळी येऊ का, महिपतभाऊ?"

"नगं. कैलास हाय की. तुमी चा घेऊन जावा."

"आता नको. घरी पाहुणे खोळंबलेत."

"मग निघा. पाय जपून टाका, लय निसरडं झालंय."