बाण आखल्याशिवाय उचलायचं नाही

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. ते एकावर एक पडत जातात. ताई म्हणायची, आपल्या डोंगरांत लाव्हासुद्धा असाच एकावर एक पडलाय आणि दोन थरांच्या मधे तांबड्या मातीची पट्टी राहिलीय. "त्या पट्टीत तेव्हाचा पाऊस लिहिलाय बारक्या. तेव्हाचं ऊन लिहिलंय!" मातीत लोखंडाचे बारीक कण असतात, त्यांचं चुंबकत्व मोजलं की ते वाचता येतं. ताईची पीएचडी त्यावरच होती. मी नववीत शाळा सोडली, त्यामुळं मला समजलं ते एवढंच.

ताईला जाऊन अजून महिनासुद्धा झाला नाही. लोक भेटायला येतात आणि गप्प बसतात. घर गप्प झालं की मला भीती वाटते, म्हणून मी किस्से सांगत बसतो. सगळे घाबरण्याचेच आहेत. घाबरायचो मी, ती नाही!

आम्ही बजाजनगरला राहतो. मी छोटा टेम्पो चालवतो. ताई फिल्डवर निघाली की आई मला सोबत धाडायची आणि दर वेळी तेच सांगायची, "जशी नेली तशी घरी आण."

* * *

पहिल्याच दिवशी घोळ झाला. ताईनं दगडावर होकायंत्र ठेवलं आणि मी काय दिसतंय ते बघायला वाकलो. सुई गर्रकन फिरली!

"हातात काय हाय तुझ्या?"

माझ्या हातात घोड्याच्या नालेचं कडं. भीती वाटू नये म्हणून एका मित्रानं दिलेलं. ताईचे डोळेच मोठे झाले. "आपल्या घरात गंडादोरा चालत नाय, अन् तू नाल घालून फिरतो? काढ ते!"

"नाय काढणार. मला काय झालं म्हंजे?"

ताईसोबत काम करणारे इरफानभाई हसून हसून खाली बसले. "रहने दे सुजाता. कडं बी लोखंडाचं, डोकं बी. याला लांब उभा कर!"

तेव्हापासून होकायंत्र निघालं की मी लांब जाऊन उभा राहायचो. कडं मात्र काढलं नाही.

* * *

त्यांच्या कामात एकच कायदा कडक. यंत्रानं दगडात गोल भोक पाडायचं, आत मक्याच्या कणसाएवढा तुकडा सुटा होतो. तो बाहेर काढायच्या आधी त्याच्यावर बाण आखायचा. उत्तर कुठं, वर कुठं. बाण नसलेला तुकडा फुकट.

"का पण? दगड तर तोच ना?"

"तोच," ताई म्हणाली. "पण तो कुठं होता, कसा होता, हे मग त्याला कुणी बी विचारू शकत नाय. बाण आखल्याशिवाय उचलायचं नाय. मी मेले तरी नाय!"

ती असंच बोलायची. काहीही.

* * *

सोयगावकडं एका टेकडीच्या कडेला आमचं काम चाललं होतं. तेवढ्यात खालून माणसं वर यायला लागली. हातात काठ्या. कुणीतरी गावात सांगितलं होतं, शहरातले लोक मशीन लावून गुप्तधन काढायलेत!

टेम्पो खाली, माणसं मधे. मी ताईचा हात धरून ओढायला लागलो, तर ती हात सोडवून त्यांच्याच दिशेनं निघाली.

पुढं एक म्हातारे बाबा होते. त्यांनी काठी आपटली. "सोनं निघालं का?"

"नाय बाबा," ताईनं तांबड्या मातीचं ढेकूळ त्यांच्या हातावर ठेवलं. "पाऊस निघाला."

तिनं समोर बसून त्यांना सगळं समजावलं. बाबांनी ढेकूळ फिरवून फिरवून बघितलं आणि काठी बगलेत मारली.

"लई जुना दिसतोय. औंदाचा निघाला तर सांगा!"

* * *

एकदा खाणीच्या कडेला मशीनच्या आवाजानं आग्या मोहोळ उठलं. इरफानभाई ओरडले, "भागो!" आम्ही टेम्पोत घुसलो, काचा वर केल्या. बघतो तर ताई नाही!

ती खाणीतच होती. डोक्यावर ओढणी, भोवती माश्यांचा ढग, आणि बाई गुडघ्यावर बसून दगडाला होकायंत्र लावतायत! मी काच खाली करून बोंबललो, "ताई, ये ना गं! मरशील!"

"बाण राह्यलाय!"

आली तेव्हा कपाळ, कान, हात सगळं सुजलेलं. मी रडत तिचे काटे काढत होतो. आईला काय तोंड दाखवू? ताई आरशात बघून म्हणाली, "आईनं सांगितलं तशीच न्यायलास की. थोडी जास्तच!"

* * *

एका डोंगरमाथ्यावर मी लांब उभा असूनही होकायंत्र भलतीकडंच उत्तर दिशा दाखवायला लागलं. दोन पावलं सरकलं की तिसरीच दिशा. इरफानभाई म्हणाले, "यहाँ बिजली गिरी है कभी." वीज पडली की दगडाचं चुंबकत्व बदलतं म्हणे.

मी खाली पळत सुटलो. ताई मागून हसत ओरडली, "अरे, ती पडून गेलीय! आता पडायची नाय!"

तेवढ्यात आभाळ गडगडलं. पुढच्या वळणावर ताईनं मला मागं टाकलं!

ती पळताना मी बघितली ती एवढी एकच वेळ.

* * *

लॅबमधे ते दगड भट्टीत तापवायचे. थोडं तापवायचं, मोजायचं, अजून तापवायचं. तापत जाईल तसतसा दगड आपलं चुंबकत्व विसरत जातो. शेवटी कोरा होतो. मला ती भट्टी कधीच आवडली नाही.

मग ताईला ताप आला. साधा वाटला. दवाखान्यात नेईपर्यंत अंगाला हात लाववेना, इतकी तापलेली. मी उशाशी बसून होतो. तिनं डोळे उघडले.

"किती झाला रे ताप?"

मी सांगितला.

"मग आता विसरायला सुरुवात होईल माझी," ती म्हणाली आणि हसली.

मी नाही हसलो.

* * *

ताईला घरी आणलं. बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. बुद्धवंदना झाली. मामा आणि शेजारची माणसं उचलायला खाली वाकली.

"थांबा!" मी ओरडलो. "हात लावू नका! बाण कुठंय? बाण आखल्याशिवाय उचलायचं नाय!"

मामा म्हणाले, "याला बाहेर घ्या रे कुणीतरी." कुणीतरी माझा दंड धरला. मी त्याला ढकलून दिलं आणि आडवा उभा राहिलो. आई रडायची थांबून माझ्याकडं बघायला लागली.

इरफानभाई दारात उभे होते. ते आत आले. खुंटीवरची ताईची फिल्डची पिशवी उतरवली. होकायंत्र काढलं, मार्कर काढला. ताईच्या खांद्यापाशी गुडघे टेकले आणि पांढऱ्या कापडावर होकायंत्र ठेवलं. मी शेजारी बसलो. मामा मागं सरकले.

सुई हलत होती. थांबतच नव्हती.

इरफानभाईंनी मार्करचं टोपण उघडलं आणि तसेच वाट बघत राहिले.

"मियाँ," ते हळूच म्हणाले, "कडं काढ पहिले."