मालिका नासली म्हणणारा

भुकूमहून उरवड्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो माझ्या पुढच्या सीटवर बसायचा. केस पिकलेले, पण जेवणाच्या डब्यावर जपानी ॲनिमे कार्टून मालिकेतल्या हिरोचा स्टिकर. बस सुटली की शेजाऱ्याशी वाद सुरू. तिसऱ्या पर्वानंतर ती मालिका कशी नासली, हे तो डब्यावर टिचक्या मारत पटवायचा. या वयात ही थेरं! मी रोज नाक मुरडायचो.

एकदा खवचटपणे विचारलंच, "नवा भाग बघितला का?"

"न्हाई ओ. धा वर्सं झाली, बघतच न्हाई. बघितला आन् आवडला तर?"

घरी येऊन बायकोला रंगवून सांगितलं, "न बघताच बोलतो, मूर्ख! तेही असल्या पोरकट मालिकेवर."

चहा गाळता गाळता ती म्हणाली, "तुम्ही कधी बघितलीत हो?"