मारोतीनं मागं घेतलेला चॅनल

मारोतीच्या नंबरवरून फोन आला आणि मी तो उचलला नाही. जेवत होतो, आणि मारोतीचा फोन म्हणजे अर्धा तास गेला, हे मला पाठ झालं होतं. याला कुठला तरी नवा चॅनल सापडला असणार, 'कंडक्टर, ताट सारा बाजूला आन् हे बघा' म्हणणार… भाकरी संपेपर्यंत दोनदा वाजून थांबला. तिसऱ्यांदा उचलला तर पलीकडं त्याची बायको, गयाबाई. "भाऊ, तुमचा दोस्त गेला," एवढंच म्हणाली. सकाळी मेंढरं सोडताना छातीत कळ आली, पूर्ण्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. याला आता दीड महिना झाला. पहिले दोन फोन का उचलले नाहीत, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

मी एसटीत कंडक्टर होतो, राहायला गंगाखेडला. मारोती चुडाव्याचा, मेंढपाळ. आमची ओळख भांडणातून झाली. पाय मोडलेलं कोकरू काखेत घेऊन हा गडी गाडीत चढला. मी म्हणालो, याचंबी तिकीट पडंल. तर म्हणतो कसा, "मांडीवर बसतंय की. मांडीवरल्या लेकराचं काढता का तुमी?" अख्खी गाडी हसली, मी तापलो. आणि शेवटी कोकरू माझ्याच हातात आलं, कारण पैसे काढायला त्याचा हात मोकळा नव्हता. उतरताना म्हणाला, "धरायला येतंय तुमाला." तेव्हापासून दोस्ती, ती वीस-बावीस वर्षं टिकली.

सुगी झाली की मारोती मेंढरं घेऊन निघायचा. रान रिकामं झालं की शेतकरी मेंढरं बसवून घेतात, त्यांच्या लेंड्यांचं खत होतं. त्याची घरं ठरलेली होती. चुडाव्यापासून थेट वालूरपर्यंत अकरा घरं, दरसाल तीच. पुढं हातात मोठा फोन आला आणि दिवसभर मेंढरांमागं फिरताना हा माणूस व्हिडिओ बघायला लागला. फोन चार्ज करायचा वाटेवरल्या पिठाच्या गिरणीत. नुसता बघून गप्प बसेल तर तो मारोती कसला! ज्या घरी मेंढरं बसतील, तिथल्या माणसाला काय बघावं ते सांगून यायचा. आणि सरसकट सगळ्यांना एकच नाही. सोयरीक जुळवावी तसं माणूस बघून चॅनल द्यायचा. वालूरच्या काशिनाथअप्पांना जुने रेडिओ दुरुस्त करणारा एक हिंदी म्हातारा दिला. आमच्या घरी माझ्या बायकोला, सुमनला, कानडी मुलखातली भाकरी थापणारी बाई दिली. सुमन म्हणाली, "अहो, तिचं एक अक्षर कळत नाही." तर हा म्हणतो, "वैनी, हात कळतोय का न्हाई? मंग झालं." मी रिटायर झाल्यावर मला दिला पहाडातल्या बसचा एक ड्रायव्हर. घाटातून गाडी काढतो, फारसं बोलत नाही. मारोती म्हणाला, "ड्रायव्हर बघू नका, मागचा कंडक्टर बघा. शिट्टी कवा मारतोय ते बघा." मी आजही बघतो. शिट्टी बरोबर मारतो तो.

त्याची पारख करायची रीत वेगळी होती. किती लोक बघतात, हे तो विचारायचाच नाही. त्या कानडी बाईची एक भाकरी तव्यावर फाटली आणि तिनं ती तशीच दाखवली, म्हणून ती त्याला पसंत पडली. "चुकलेलं कापून टाकतंय, त्याचं बघायचं न्हाई. आपून चुकल्यावर त्याच्याकडून काय शिकणार?" असं म्हणायचा. आणि दुसरं, व्हिडिओ पुरता बघायचा. समोर बसून दाखवायचा, मधेच कुणी बोटानं पुढं सरकवला की फोन घेऊन परत पहिल्यापासून लावायचा. माझी आणि त्याची इथंच जुंपायची. मी जन्मभर 'चला, पुढं सरका' म्हणलेला माणूस. मला कुठली बूड टेकून बसायची सवय!

आता जे सांगायला हा लेख लिहायला घेतला, ते सांगतो. दोनेक वर्षांखाली सुमननं दोन शेळ्या घेतल्या. मारोतीनं लगेच एक चॅनल पाठवला. सोलापूरकडचा एक शेळीवाला, गोठ्यातच उभा राहून बोलतो, साधा माणूस. फोनवर बजावलं, "ह्यो लय भारी हाय, पन पुरता बघा बरं का." मारोती समोर नव्हता. जंताच्या औषधाचा व्हिडिओ मी लावला, औषधाचं नाव ऐकलं, किती पाजायचं ते ऐकलं आणि बंद करून दुकान गाठलं. दोन्ही शेळ्यांना पाजलं. त्यातली एक गाभण होती. दोन-तीन दिवसांत गाभडली, पोटातलं करडू गेलं. सुमननं तिच्यावर फार जीव लावला होता, लेकरासारखी रडली. आणि रडता रडता विचारलं, "कुणी सांगितलं होतं ते औषध पाजायला?" मी म्हणालो, "मारोतीनं."

तोंडातून निघून गेलं, असं म्हणायची सोय आहे, पण ते खरं नाही. मी विचार करूनच म्हणालो. दुसऱ्या दिवशी मारोती आला. सुमननं त्याला पाण्याचा तांब्यासुद्धा दिला नाही. तो दारातच उभा राहिला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "त्येनं सांगितलं तसंच पाजलं का?" मी म्हणालो, "अगदी तसंच." तो तसाच माघारी फिरला. त्या साली मेंढरं सुगीनंतर निघायची होती, तेवढाही दम त्यानं धरला नाही. कुठं बसनं, कुठं पायी अकराही घरी गेला आणि सांगून आला, त्या शेळीवाल्याचं ऐकू नका, मी चुकीचा माणूस दिला. ज्याच्या शब्दावर लोक डोळे झाकून चालायचे, तो घरोघर आपला शब्द मागं घेत फिरला. पुढं बरेच दिवस लोक त्याची चेष्टा करत होते, "मारोती, ह्यो तरी खरा हाय का?" म्हणून. मी ते माझ्या कानानं ऐकलं आहे.

आठ-दहा दिवसांनी एका दुपारी मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. या वेळी शेवटपर्यंत बघितला. शेवटी तो माणूस हात जोडून सांगतो, गाभण शेळीला हे औषध पाजू नका, माझी एक शेळी अशीच गाभडली, आधी डॉक्टरला विचारा… आज सांगू, उद्या सांगू करत दोन वर्षं घालवली. मारोती येत राहिला, सुमनचा राग निवळला, तिच्या हातचा चहा पिऊन तो नवे चॅनल दाखवत राहिला. तो विषय त्यानं काढला नाही. मीही काढला नाही.

तेराव्याला चुडाव्याला गेलो तेव्हा गयाबाईला बाजूला घेऊन शेळीचं सगळं सांगितलं. वाटलं होतं, शिव्या देईल, निदान रडेल तरी. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "मला कशाला सांगायलाव भाऊ?" ती म्हणाली. "ज्या घरी त्यो मान खाली घालून गेला, तितं जाऊन सांगा की." घरी आलो आणि आधी सुमनला सांगितलं. त्याचं काय झालं, ते इथं लिहीत नाही. मग गयाबाईकडून अकरा घरांची नावं घेतली आणि सगळ्यात लांबचं आधी उरकावं म्हणून वालूरची गाडी धरली.

काशिनाथअप्पा ओट्यावर विभूती लावून बसले होते, मांडीवर उघडलेला रेडिओ. मारोती गेल्याचं त्यांना कळलं होतं. मी शेळीवाल्याचा विषय काढला तर म्हणाले, "त्येचं आमी बघताव की. मागल्या साली मेंढरं बसवली तवा मारोतीच सांगून गेला, बघा म्हणून. त्यो मानूस खरा हाय, मीच अर्धा बघून तुमाला नको म्हणलो, माझी चूक झाली म्हणला. समद्या घरी जाऊन तसंच सांगितलं म्हणं त्येनं."

म्हणजे त्यानंही तो जंताच्या औषधाचा व्हिडिओ मागाहून शेवटपर्यंत बघितला होता. अर्धा मीच बघितला, हे कळूनसुद्धा माझ्या घरी येऊन चहा पीत होता. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर त्याचा रागही आला. मेल्या, एकदा तरी तोंडावर बोलायचं होतंस!

अप्पांच्या मंडळी आतून चहा घेऊन आल्या. त्यांनी आमचं बोलणं ऐकलं होतं. कप माझ्यापुढं ठेवत म्हणाल्या, "मारोती आन् अर्धा बघंल? आमाला तवाच कळलं, कुनाला तरी पाठीशी घालायलाय. आता पोटात घेतलंय त्येनं, तर आपून कशाला नाव विचारा? न्हाई विचारलं."

मी कप खाली ठेवला आणि माझं नाव सांगितलं.