मंद्रूपच्या घरातला माझा आवाज

बायकोसमोर कितीदा ओठांपर्यंत आलं आणि मी घोटभर पाणी पिऊन ते परत आत ढकललं. वडिलांना सांगायचं होतं, पण ते गेले. आजवर हे कुणाच्याच कानावर घातलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं कदाचित जमेल.

मी फौजेत होतो. हवालदार म्हणून निवृत्त झालो. आता सोलापुरात एका टॉवेलच्या कारखान्याच्या गेटवर बसतो. येणारे-जाणारे 'काय फौजी' म्हणून हात वर करतात. आणि मी — कसं सांगू — मी कम्युनिस्ट होतो. अजूनही आहे. पलटणीत हे कुणाला माहीत नव्हतं. एकट्या मल्लिनाथला सोडून.

तुम्ही म्हणाल, यात गुन्हा कसला? मनातल्या विचाराला कोण पकडतंय? बरोबर आहे. तो माझा गुन्हा नव्हेच. जरा थांबा.

आमचं घर शहराच्या पूर्व भागात. वडील आधी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर यंत्रमागावर. आई विड्या वळायची. वडील मला खांद्यावर बसवून लाल बावट्याच्या सभांना न्यायचे. घाम कुणाचा, नफा कुणाचा, हे मला बाराखडीबरोबरच कळलं. पुढं स्वतः वाचून, आजूबाजूला बघून ते जास्तच पटत गेलं. मग फौजेत का गेलो? घरात महिन्याचा ठरलेला पगार येत नव्हता म्हणून. भरती झाल्याचं सांगितलं तेव्हा वडील कपातल्या चहाकडं बघत एवढंच म्हणाले, "उद्या संपावर गोळी घाल म्हनले, तर काय करशील रे?"

मी हसलो. दुसरं काय करणार होतो?

भरतीच्या चौकशीला पोलीस घरी येणार होते, म्हणून मी भिंतीवरचा बावटा काढून आईच्या लुगड्यांखाली घातला. वडिलांनी ते बघितलं आणि तोंड फिरवलं. तिथून मला लपवायची सवय लागली. आणि खरं सांगू? ती मला साधली. परेडमध्ये माझे बूट सगळ्यांत चकचकीत असत. हुकूम सुटायच्या आत माझी टाच आपटलेली असे. आत एक माणूस सगळं बघत उभा असायचा, हिशेब मागत असायचा — पण तो कधी बाहेर आला नाही.

मल्लिनाथ आला आणि तो आतला माणूस बोलायला लागला.

मल्लिनाथ सोलापूरजवळच्या मंद्रूप गावचा. घरी कन्नड, बाहेर मराठी. लिंगायत; कपाळाला भस्म, गळ्यात लिंग. वडिलांमागं अव्वानं — म्हणजे आईनं — एकटीनं वाढवलेला. आपल्या जिल्ह्याचा म्हणून माझ्याजवळ आला आणि मला दादा म्हणू लागला. शस्त्रं साफ करताना, भाजी चिरताना आम्ही शेजारी बसायचो. मी लहानपणापासून अडखळतो. 'भ' आला की माझे ओठ एकमेकांना चिकटतात. लोक हसायचे, तो हसायचा नाही. माझा शब्द सुटेपर्यंत तो वाट बघायचा.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडून साहेबांच्या बंगल्याची भिंत बांधून घेत होते. विटा वाहता वाहता मी त्याला म्हणालो, "भ... भिंत बांधणारा भिंतीच्या कुठल्या बाजूला राहतो, मल्ल्या?"

तो विटा हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "दादा, लई भारी हाय की हे. परत सांगा."

मी परत सांगितलं. तो ओठ हलवत होता — पाठ करत होता. रोज असंच व्हायला लागलं. मला थांबता आलं असतं. पण इतकी वर्षं बंद ठेवलेल्या तोंडाला ऐकणारा मिळाला होता. त्याचं पुढं काय होईल, हा विचार माझ्या मनात आला नाही. की आला होता, आणि मी बाजूला सारला?

फौजेत सैनिक संमेलन असतं. मोठे साहेब सगळ्या जवानांसमोर विचारतात, कुणाला काही सांगायचंय? कुणीही उठत नाही, ही रीतच आहे. त्या दिवशी मल्लिनाथ उठला. सावधान उभा राहिला आणि त्यानं साध्या हिंदीत विचारलं, "साहेब, भिंत बांधणारा भिंतीच्या कुठल्या बाजूला राहतो?" मग पुढचंही बोलला. एकेक वाक्य, मी जसं लावलं होतं तसं. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. माझे शब्द पुढून माझ्याकडं येत होते.

चौकशी लागली. हे तुझ्या डोक्यातलं नाही, कुणी शिकवलं ते सांग, असं त्याला पुन्हा पुन्हा विचारलं. "माझंच हाय साहेब," एवढंच तो म्हणत राहिला. मग त्याच्या जिल्ह्याचा म्हणून मला बोलावलं. तो भिंतीजवळ उभा होता. टोपी आणि पट्टा काढून घेतलेला. तेवढ्यानंच माणूस किती लहान दिसतो!

मी म्हणालो, "साहेब, हा पहिल्यापासून असाच बोलतो. आम्हालाही भडकवायला बघायचा. मी भरपूर समजावलं, ऐकलं नाही."

'भडकवायला' म्हणालो. 'भरपूर' म्हणालो. कुठंही अडखळलो नाही.

मल्लिनाथनं माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. तो माझ्या ओठांकडं बघत होता, रोज बघायचा तसा. त्याचेही ओठ हलत होते.

त्याला पहाऱ्याच्या कोठडीत ठेवलं. तिथं त्याचं बोलणं बंद झालं. जेवण तसंच परत यायला लागलं. मग इस्पितळ, मग फौजेतून काढल्याची कागदपत्रं, मग घर. मला पुढं बढती मिळाली. पेढे वाटले मी.

सुट्टीवर आलो तेव्हा त्याच्या अव्वाचा फोन आला. त्याचा दोस्त म्हणून तिला एकच नाव ठाऊक होतं. मी मंद्रूपला गेलो. भर दुपार होती. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, पत्र्याची छपरं नुसती तडतडत होती. दाराशी पोचलो तर आत कुणीतरी बोलत होतं. आधी वाटलं, माझ्याच खिशातला मोबाइल सुरू झाला असेल. हात घालून बघितला. बंद होता.

आत मी बोलत होतो.

कसं समजावू तुम्हाला? मल्लिनाथ भिंतीकडं तोंड करून बसला होता आणि त्याच्या तोंडून माझा आवाज येत होता. माझी खोकल्याची सवय, वाक्य संपताना मी जो हुंकार देतो तो. घाम कुणाचा, नफा कुणाचा. आणि मग — "भ... भ... भिंत." मल्लिनाथ कधी अडखळत नव्हता हो. सरळ, गोड बोलायचा पोरगा. मी त्याच्या पाठीमागं उभा राहून ऐकत होतो आणि माझे ओठ आपोआप एकमेकांना चिकटत होते. आणि शेवटाला तोच आवाज न अडखळता म्हणायचा, "साहेब, हा पहिल्यापासून असाच बोलतो."

अव्वानं मला पाणी दिलं. "दिसभर असंच चालतंय बगा," ती म्हणाली. मी दोन शब्द बोललो आणि ती एकदम माझ्याकडं बघायला लागली. "तुमचा नि त्याचा आवाज सारकाच हाय की! फौजेत सगळ्यांचा असाच हुतो काय?"

तिथं सांगता आलं असतं. दाराबाहेर कुणी नव्हतं, कुठला साहेब नव्हता, पट्टा काढून घेणारं कुणी नव्हतं.

मी म्हणालो, "व्हय, अव्वा. सगळ्यांचा असाच हुतो."

पुढं दर सुट्टीत मी जात राहिलो. निवृत्तीनंतरही जायचो. लोक म्हणायचे, दोस्ती असावी तर अशी. मल्लिनाथनं मला कधी ओळखलं नाही, किंवा तसं दाखवलं नाही. विचार सोडावेत असंही मला कधी वाटलं नाही. आजही कारखान्यातले कामगार गेटवर सभा घेतात तेव्हा माझ्या पोटात ऊब येते. मी काठी घेऊन त्यांच्याकडं पाठ करून उभा राहतो.

गेल्या उन्हाळ्यात मल्लिनाथ गेला. त्यांच्यात बसवून पुरतात. खड्ड्यात तो मांडी घालून बसला होता, मान किंचित पुढं, ऐकणाऱ्या माणसासारखी. मी मूठभर माती घातली.

माणसं पांगल्यावर अव्वा म्हणाली, "घर लई गप झालंय. काय तरी बोला की, हवालदार. कायबी बोला."

मी त्याच्या जागेवर भिंतीशी बसलो. काय बोलणार? मला तेवढंच येत होतं. घाम कुणाचा, नफा कुणाचा. ती डोळे मिटून ऐकत राहिली. तिचा चेहरा हळूहळू सैल झाला आणि तिला तिथंच झोप लागली.

आता मी बाजाराच्या दिवशी मंद्रूपला जातो. भाजी आणून देतो आणि बोलत बसतो. चौकशीत काय झालं हे तिला माहीत नाही. तिला वाटतं, तिच्या पोराच्या डोक्यात ते सगळं देवानं घातलं. मी त्याचं नाव घेतलं आणि माझं घेतलं नाही, याला कारण मी भित्रा होतो एवढंच. दुसरं कुठलंही कारण मला सापडलेलं नाही.

मागच्या खेपेला मी निघालो होतो. चपला घालत होतो. तिनं आतून हाक मारली, "मल्लू, जातो का रे?"

मी ओ दिली.