चाप जडच राहील

शेवाळे वहिनींचा फोन आला तेव्हा मी मालेगावला बंदोबस्तात होते. “साहेब गेले,” एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन शेजारच्या कुणाच्या तरी हातात दिला. सकाळी फिरून आले, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत खुर्चीतच... निवृत्त होऊन त्यांना फार काळ झाला नव्हता. निवृत्त पोलीस निरीक्षक मधुकर शेवाळे यांचं निधन, अशी दोन ओळींची बातमी दुसऱ्या दिवशी आली. तिच्यात चूक काही नव्हती. पण नाशिकमध्ये ज्यांनी कमरेला पिस्तूल लावून नोकरी केली, त्यांच्यासाठी ती फारच तोकडी होती. म्हणून हे लिहिते आहे.

मी नव्वदच्या दशकाच्या शेवटी उपनिरीक्षक म्हणून नाशिकला आले. शेवाळे साहेबांकडे तेव्हा मुख्यालयाचं शस्त्रागार आणि गोळीबाराचा सराव अशी दोन्ही कामं होती. माणूस उंच, आवाज मोठा, आणि स्वतःच्या मतावर इतका ठाम की वरिष्ठसुद्धा त्यांच्याशी बोलायचं तर आधी तयारी करून यायचे. गाव निफाड तालुक्यातलं, घरी द्राक्षबाग. चांगले मार्क असूनही पुढं शिकायचं सोडून पोलिसात का आलात, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “मला यंत्रं आवडतात. आणि घरी सगळे फक्त बागेवर बोलायचे.”

पुढं काही वर्षांनी आमच्याकडे नवीन पिस्तुलं आली. जुन्या पिस्तुलात हॅमर, म्हणजे काडतुसावर आपटणारा भाग, आधी ताणून ठेवता यायचा, मग चाप अगदी हलका लागायचा. नव्यात ती सोयच नव्हती. प्रत्येक गोळीसाठी चाप लांबवर दाबत न्यायचा, त्याच दाबानं हॅमर मागं जाणार आणि सुटणार. पहिल्या गोळीला जेवढा जोर, तेवढाच शेवटच्या गोळीला. साहेबांना ती पिस्तुलं पहिल्या दिवसापासून आवडली. घाबरलेल्या माणसाच्या हातून चुकून गोळी सुटू नये यासाठीच ती केली आहेत, असं ते सांगायचे. आम्हाला मात्र ती नकोशी झाली. माझा हात लहान. चाप ओढता ओढता नळी डावीकडं जायची आणि गोळ्या लक्ष्याच्या कडेला. माझ्याच तुकडीचा उपनिरीक्षक आहेर, बागलाणकडचा, अंगानं दांडगा, तोही वैतागला.

“साहेब, लय जड हाय हो हे. जरा हलकं करून द्या ना.”

“चाप जडच राहील आहेर. हलकं करायचं म्हणजे आतली स्प्रिंग कमजोर करायची. मग हॅमर काडतुसाला मारेल की नुसता हात लावेल?”

मग त्यांनी मला वेगळं उभं केलं. रिकाम्या पिस्तुलाच्या टोकावर नाणं ठेवलं आणि ते न पाडता चाप दाबायला सांगितलं. नाणं पडतच राहिलं. “भामरे, तुम्ही चाप झटकताय. आमच्याकडं बाया घड कापताना कात्री कशी दाबतात बघितलंय? सावकाश, पण मध्ये थांबायचं नाही. घड हलला तर मण्यावरची लव, ती पांढरट भुकटी, जाते.” मी सटाण्याची, डाळिंबवाल्यांची मुलगी, पण ते मला समजलं. पावसाळा संपेपर्यंत नाणं टिकायला लागलं.

त्यांचं बाकीचं शिकवणंही असंच असायचं. पावसाळ्यात पिस्तूल चामड्याच्या कव्हरात रात्रभर ठेवायचं नाही, कातडं ओल धरतं. तेल थोडंच, आणि पुसून. मॅगझीनमध्ये तर तेलाचा थेंबही नको, कारण तो काडतुसाच्या टोपीत, जिथं हॅमर बसतो तिथं, झिरपतो. आम्ही हसायचो, सासूबाई म्हणायचो त्यांना. त्यांना ते माहीत होतं.

आहेरनं मात्र आपली सोय स्वतः केली. शहरातल्या एका मिस्तरीकडून त्यानं स्प्रिंग हलकी करून घेतली. सरावात एकदोनदा गोळी उडाली नाही, ते जुन्या काडतुसांवर गेलं. तशी काडतुसं तेव्हा निघायचीही.

द्वारका चौकाच्या मागं एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात दरोड्यातला एक फरारी असल्याची खबर आली. भर दुपारी गेलो. आहेर पुढं, मी मागं, दोन शिपाई बाजूच्या दारानं. पोत्यांच्या थप्पीमागून तो माणूस कोयता घेऊन थेट आहेरच्या अंगावर आला. आहेर ओरडला, मग त्यानं चाप दाबला. टक्. पुन्हा दाबला. टक्... तो आवाज मला अजून नेमका आठवतो, दाराची कडी नीट न बसल्यासारखा. माझ्या पुढं आहेर होता, मला गोळी झाडता येत नव्हती. कोयता त्याच्या उजव्या खांद्यात बसला. शिपायांनी लाठ्यांनी त्या माणसाला आडवं केलं.

शेवाळे साहेब दवाखान्यात आले ते आधी शस्त्रागारात जाऊन. न उडालेलं काडतूस त्यांनी बघितलं होतं, टोपीवर नुसते दोन पुसट खड्डे, म्हणजे हॅमर जोरात बसलाच नव्हता. पिस्तूलही उघडलं होतं. आहेरची बायको, मंगल, बाहेर बाकावर बसली होती. कुणीतरी तिला सगळं सांगितलेलं. तिनं त्यांचे पाय धरले. “साहेब, काडतूस खराब निघालं एवढंच लिहा. त्यांची नोकरी जाईल हो.”

साहेब तिच्याशेजारी बसले. “मंगलताई, तसं लिहिलं तर काडतुसाची पेटी बदलतील. अजून कुणाकुणाच्या कमरेला अशी स्प्रिंग आहे, ते मला माहीत नाही. उद्या त्यांच्या बायका इथं बसतील.”

त्यांनी अहवालात खरं तेच लिहिलं. त्याखाली आणखी एक परिच्छेद लिहिला, जो कुणी मागितला नव्हता. तपासणीत पिस्तुलं बाहेरून बघितली जातात, आतून उघडली जात नाहीत, आणि ही चूक माझी आहे, असा. मग प्रत्येक पिस्तूल उघडलं. आणखी दोन तशी सापडली. चौकशीत आहेरला शिक्षा झाली, नोकरी वाचली. साहेबांवर ठपका आला आणि त्यांची बढती लांबली. मी विषय काढला की म्हणायचे, “चहा घेणार का?”

आहेरचा हात खांद्याच्या वर जाईना. त्याला टेबलाचं काम दिलं. तो साहेबांचं नाव निघालं की खोलीतून उठून जायचा. एका रविवारी साहेब मला घेऊन त्याच्या घरी गेले. “डावा हात चांगला आहे ना? सरावाला रेंजवर या.”

“तुमच्या कागदानं माझी वाट लागली, आणि आता शिकवायला आलात?”

“हो,” साहेब म्हणाले.

तो आला नाही. पुढच्या रविवारी साहेब पुन्हा गेले, त्याच्या पुढच्यालाही. शेवटी मंगलनंच त्याला धाडलं. कित्येक महिने ते दोघं रेंजवर उभे असायचे. तेच पिस्तूल, नवी स्प्रिंग, जड चाप, डावा हात. कामापलीकडं एक शब्द नाही. मी कधी गेले तर फक्त “सावकाश” आणि “पुन्हा” एवढंच ऐकू यायचं. ज्या दिवशी आहेर डाव्या हातानं चाचणीत पास झाला, त्या दिवशी तो पिस्तूल जमा करून सरळ निघून गेला. पण संध्याकाळी मंगल डबा घेऊन त्यांच्या घरी आली आणि आहेर खाली गाडीपाशी उभा होता, असं वहिनींनी मला सांगितलं. साहेब खाली उतरले. काय बोलले ते कुणालाच माहीत नाही. आहेर पुन्हा पथकात गेला.

परवा मी गंगापूर रोडला त्यांच्या घरी गेले. निवृत्तीनंतर साहेब मागच्या गॅलरीत टेबल मांडून अख्ख्या इमारतीतले पंखे, इस्त्र्या, मिक्सर दुरुस्त करायचे, तेही आधी मालकाला बोलणी घालून. ते गेले त्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या बाईंचा मिक्सर तिथं उघडा पडला होता, स्क्रू बशीत काढलेले. बाईंना मागायला संकोच वाटत होता, वहिनींना हात लावायला.

गॅलरीत आहेर बसला होता. उजव्या हातानं मिक्सर नुसता दाबून धरलेला, आणि डाव्या हातानं तो स्क्रू पिळत होता, घाई न करता, एकेक. मी आले तरी त्यानं मान वर केली नाही. शेवटचा स्क्रू बसल्यावर पिन लावली, बटण फिरवलं. मिक्सर घरघरला. वहिनी आतून आल्या, क्षणभर ऐकत उभ्या राहिल्या.

“चालतोय का?” त्यांनी विचारलं.

“चालतोय.”

वहिनींनी पदरानं मिक्सर पुसला, पिशवीत घातला आणि वर द्यायला गेल्या.