सातशे नंबरवरची माझी सही

सत्तरच्या दशकाच्या शेवटी माझी बदली दक्षिणेतल्या एका तळावर झाली. तिथली विमानं लढायला ठेवलेली नव्हती, तपासायला ठेवलेली होती. हवाई दलात नवं जे काही यायचं ते आधी तिथले टेस्ट पायलट उडवून बघत. मी पवनी तालुक्यातल्या कोंढ्याचा. हुद्दा कॉर्पोरल, काम हायड्रॉलिक फिटर. हायड्रॉलिक म्हणजे ज्या तेलाच्या दाबावर विमानाचे कंट्रोल हलतात ती यंत्रणा.

तिसऱ्या दिवशी एका पायलटने माझ्या छातीवरचं नाव वाचलं.

"रामटेके? कोठचा गा तू?"

आमच्याकडचा हा 'गा' ऐकून मी सॅल्यूट करायचाच विसरलो. "कोंढा, सर."

"मी तुमसरचा. बाबा राइस मिलमंदी फिटर हायेत. म्हणजे तुह्याच जातीचे, पाना-पकडीवाले."

हे स्क्वाड्रन लीडर सुधाकर गभणे. पुढे विंग कमांडर झाले. चारचौघांत त्यांचं इंग्रजी असं असायचं की मोठे अधिकारीसुद्धा सावरून बसत. माझ्याशी मात्र ते सरळ झाडीत, आमच्या भंडाऱ्याकडच्या बोलीत, बोलत.

त्यांची एक सवय होती. उड्डाणाआधी पायलटने विमानाची नोंदवही वाचून सही करायची असते. आम्ही तिला सातशे नंबर म्हणतो. काय बिघडलं, कोणी दुरुस्त केलं, सगळं तीत असतं, खाली फिटरची सही. गभणे सर वही वाचत, सही करत, आणि मग शिडीवर पाय ठेवायच्या आधी मला विचारत, "काय म्हणते गा, बसू का यात?" मी "बसा, सर" म्हणालो की चढायचे. दोनदा मी "थांबा" म्हणालो. दोन्ही वेळा ते मुकाट्याने वळून चहा प्यायला गेले.

"बाबा सांगतात," ते एकदा म्हणाले, "कागदाले नोको विचारू, ज्यानं हात लावला त्याले विचार."

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची अंतराळवीर म्हणून निवड झाली. आमच्या जिल्ह्यातून असा माणूस कधी गेला नव्हता. परदेशात दीड वर्ष ट्रेनिंग झालं. गरगर फिरणाऱ्या यंत्रात बसवलं, पाण्यात बुडवलं, महिनाभर आडवं झोपवून ठेवलं. सगळ्यांत ते पास झाले. आणि ज्या उड्डाणासाठी हे चाललं होतं ते उड्डाणच रद्द झालं. का, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. सर परत आले आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा टेस्ट फ्लाइंगला लागले. मी विचारलं, वाईट वाटलं का? म्हणाले, "वाटलं ना. लगन ठरलं, मांडव पडला, अन् नवरीवाल्यानं चिठ्ठी धाडली. वाईट नाही वाटन का?"

त्यानंतर दोनेक वर्षांनी ती सकाळ आली. मी तेव्हा सार्जंट होतो. त्या दिवशी दहा वाजता काही बडे पाहुणे येणार होते. त्यांच्यासमोर सुधारित कंट्रोल यंत्रणेचं विमान गभणे सर उडवून दाखवणार होते. त्या विमानाबद्दल दोन दिवसांपूर्वी दुसऱ्या एका पायलटने तक्रार लिहिली होती: जोरात वळताना हायड्रॉलिक प्रेशरची सुई दोन-तीन सेकंद खाली बसते. आम्ही एक व्हॉल्व्ह बदलला होता.

साडेसहाला मी ग्राउंड रन घेतला. विमान जमिनीवर, इंजिन चालू, मी कॉकपिटमध्ये. चाळीस मिनिटं सुई जागेवर होती. मग एकदा खाली गेली. दोन सेकंद. परत वर आली. पुढची वीस मिनिटं हलली नाही.

मी आमच्या इंजिनिअरिंग ऑफिसरला सांगितलं.

"कितीदा?"

"एकदा, सर."

"एकदा म्हणजे मीटरचा दोष. लिही, ग्राउंड रन सॅटिस्फॅक्टरी."

"सर, पंप उघडून बघायला हवा. तीन तास लागतील."

"पाहुणे दहाला येतील. तू लिहिणार, की मी दुसरा फिटर बोलावू?"

मी लिहिलं. सही केली. ते साहेब माझा गोपनीय अहवाल लिहायचे आणि माझी बढती त्या वर्षी बोर्डापुढे होती. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. बंदूक कोणी डोक्याला लावली नव्हती.

नऊ पन्नासला गभणे सर आले. वही वाचली. सही केली. शिडीपाशी थांबले.

"सुई मंग बसली का गा खाली?"

इंजिनिअरिंग ऑफिसर शेजारीच उभे होते. त्यांना झाडी कळत नव्हती. मी खरं सांगितलं असतं तरी त्यांना पत्ता लागला नसता. आजही मला याचाच जास्त राग येतो.

"नाही, सर. बसा."

दहा वाजून सहा मिनिटांनी विमान उडालं. ग्राउंड क्रूच्या सेटवर आम्ही ऐकत होतो.

"एअरबॉर्न."

"रॉजर."

"टर्निंग लेफ्ट."

डावं वळण सुरू झालं. नाक खाली गेलं आणि वर आलंच नाही. टॉवरने तीनदा हाक मारली. धावपट्टीच्या टोकापलीकडून धूर निघाला तेव्हा माझ्या हातात अजून शिडी होती. पाहुण्यांना मागच्या गेटने बाहेर नेण्यात आलं. त्या कामात मात्र कोणी एक मिनिट उशीर केला नाही.

चौकशी समिती बसली. विमान जळून गेलेलं, त्यातून काही कळणार नव्हतं. मला तीन प्रश्न विचारले. ग्राउंड रन तुम्ही घेतला? येस सर. ही सही तुमची? येस सर. सुई पुन्हा पडली होती? नो सर. निष्कर्ष निघाला: पायलटची चूक, कमी उंचीवर अवाजवी तीव्र वळण. ज्या माणसाला अंतराळात पाठवायला निवडलं होतं त्याला डावीकडे वळता आलं नाही, असं त्या कागदाचं म्हणणं. माझी बढती झाली.

वर्षाने तुमसरला सरांचा स्मृतिदिन ठेवला. मी सुटीवर कोंढ्यात होतो. तळावरचा, शिवाय जिल्ह्यातला माणूस म्हणून आयोजकांनी मला युनिफॉर्मवर बोलावलं. बाजारपेठेत कमान उभारली होती, तिच्यावर एका पेंटरने अग्निबाण काढला होता. चौकाला सरांचं नाव द्यायचं होतं. पाटी तयार होती, वर कापड टाकलं होतं.

कार्यक्रमाआधी मी त्यांच्या घरी गेलो. वडील अंगणात बसले होते. मिलमधून निवृत्त झालेले, बोटांच्या रेषांत काळं तेल कायमचं मुरलेलं. माझ्यापुढे पाण्याचा लोटा ठेवला आणि सरळ विषयाला हात घातला.

"सरकारचा कागद आला. माह्या पोराची चूक होती म्हणते. मी कागदाले नाही मानत. त्या मशीनले तुहा हात लागला होता ना?"

"हो, काका."

"मंग तू सांग. मशीन ठीक होती का?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते वाट बघत होते, मशीन चालू करून फिटर आवाज ऐकतो तसे.

"ठीक होती, काका."

"तू सोता पाहिलं?"

"हो."

त्यांनी लोटा माझ्याकडे आणखी सरकवला. मग म्हणाले, "बस मंग. आता मानतो."

दुपारी चारला कार्यक्रम सुरू झाला. आमदार बोलले, सभापती बोलले. दोघांनी सरांना चंद्रावर पाठवून परत आणलं. नंतर वडिलांना पाटीवरचं कापड काढायला बोलावलं. ते उठले, माइकपाशी गेले.

"तुम्ही सगळे आले, उपकार हायेत. पण चौकाले नाव नोको. मशीन चांगली होती. या बाबूनं सोता तपासली होती, त्यानं मले आज सांगितलं. चूक माह्या पोराची होती. सरकारचं लाखमोलाचं विमान त्यानं खराब केलं. मी मिलमंदी चाळीस साल काम केलो, चुकीवर कधी पाटी नाही लावली. माफी करा."

हात जोडून ते खाली बसले. कोणी टाळी वाजवली नाही. मी व्यासपीठावर त्यांच्यापासून चार हातांवर, छातीवर रिबन लावून बसलो होतो. उठायला एक मिनिट पुरलं असतं. मी उठलो नाही.

पाटी कापडासकट कुठेतरी नेऊन ठेवली. चौकाला पुढे दुसऱ्याच कोणाचं नाव लागलं. मला पेन्शन लागल्यावर, आता कोणाचं भय नाही असं स्वतःला बजावत मी तुमसरला गेलो, तर वडील दोन वर्षांपूर्वीच वारले होते. शेजाऱ्यांनी सांगितलं, शेवटपर्यंत कोणी पोराची आठवण काढली की म्हातारा आधी माफी मागायचा.

म्हणून हे लिहिलं. विंग कमांडर सुधाकर गभणे, टेस्ट पायलट, अंतराळवीर, राहणार तुमसर, जिल्हा भंडारा. त्यांच्या हातून कोणतीही चूक झाली नाही. ज्याला हे ऐकायचं होतं त्याने मला स्वतःच्या अंगणात, तोंडावर विचारलं होतं.